फोनवरचा संदेश आणि दारातली आशा

महासाथीच्या काळात माणसे ताप आल्यावर काय करतात, तपासणीला कधी जातात, आजार कधी लपवतात, कोणाच्या सांगण्यावरून औषध घेतात आणि लस घेण्याचा किंवा टाळण्याचा निर्णय कशाच्या आधारे करतात, या सगळ्या कृतींना सार्वजनिक आरोग्यशास्त्रात ‘आरोग्यवर्तन’ म्हटले जाते. कोविड-19 च्या साथीत या वर्तनावर मोबाइलवरच्या संदेशांचा मोठा प्रभाव पडला, हे आता सर्वमान्य आहे; परंतु तो कसा पडला याची चर्चा बहुतेक वेळा खरी माहिती आणि खोटी माहिती अशा दोन कप्प्यांतच अडकून राहते. महाराष्ट्रातील आशा स्वयंसेविकांच्या 2020 ते 2022 या काळातील कामाकडे पाहिले, तर हे दोन कप्पे अपुरे पडतात. संदेश कोणाकडून आला, घरात तो कोणी वाचून दाखवला, त्याच दिवशी दारात कोण उभे होते आणि त्या व्यक्तीशी त्या घराचे नाते कसे होते, यावर संदेशाचा परिणाम ठरत होता; आणि काही वेळा संपूर्ण खऱ्या माहितीनेही खोट्या माहितीइतकेच, किंबहुना अधिक नुकसान केले.

आशा ही व्यवस्था 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर अस्तित्वात आली. साधारण हजार ते दीड हजार लोकसंख्येमागे एक, त्याच गावात नांदणारी, गरोदर बाई आणि तान्ही बाळे नावानिशी ठाऊक असणारी ही बाई सरकारी नोकर नसते. तिला स्वयंसेविका मानले जाते आणि कामागणिक मोबदला दिला जातो. तिच्यावर गटप्रवर्तक, उपकेंद्रात आरोग्यसेविका आणि त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी अशी साखळी असते. महाराष्ट्रात अशा सुमारे 70 हजार स्त्रिया आहेत. साथीपूर्वी त्यांचे बहुतेक काम बाळंतपण, लसीकरण आणि क्षयरोगाच्या औषधांभोवती फिरत होते. मार्च 2020 नंतर पुण्या-मुंबईहून परतलेल्यांच्या नोंदी, घरोघरचे सर्वेक्षण, बाधितांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध आणि पुढे कोविड लसीकरण हे सारे त्यांच्याच अंगावर आले. त्यामुळे फोनवर आलेल्या संदेशाचे वर्तनात रूपांतर होण्याचा क्षण ज्यांनी रोज आणि समोरासमोर पाहिला, अशा व्यक्तींमध्ये त्यांचे स्थान पहिले आहे.

महाराष्ट्रातील पहिले रुग्ण 9 मार्च 2020 रोजी पुण्यात आढळले आणि जागतिक आरोग्य संघटनेने 11 मार्चला महासाथ जाहीर केली. पण संदेश त्याआधीच येऊन थडकले होते. संघटनेचे महासंचालक टेड्रोस घेब्रेयेसस यांनी 15 फेब्रुवारी 2020 रोजी म्युनिक येथील परिषदेत रोगाच्या साथीबरोबरच ‘माहितीच्या साथी’शीही लढावे लागत असल्याचे सांगितले. खरी, अर्धवट आणि खोटी माहिती एकाच वेळी इतक्या प्रमाणात पसरते की गरजेच्या क्षणी विश्वासार्ह आधार सापडत नाही, अशा स्थितीला ही संज्ञा वापरली जाते. महाराष्ट्राने तिचा पहिला फटका फेब्रुवारीतच अनुभवला. कोंबडीच्या मांसातून कोरोना होतो हा संदेश आजारी कोंबड्यांच्या चित्रांसह फिरला आणि राज्यात एकही रुग्ण नसताना चिकनची विक्री कोसळली, पोल्ट्रीधारक कर्जात गेले, पशुसंवर्धन खात्याचे खुलासे मागून येत राहिले. या घटनेत आरोग्यवर्तनाचा एक साधा नियम दिसतो: जी कृती करायला फारसे काही लागत नाही, ती माणसे शहानिशा न करता करून टाकतात. महिनाभर चिकन न खाणे सोपे होते. घरातल्या खोकणाऱ्या माणसाला वेगळ्या खोलीत ठेवणे दोन खोल्यांच्या घरात अवघड होते. म्हणून पहिला संदेश खोटा असूनही पाळला गेला आणि दुसरा खरा असूनही कानाआड झाला.

साथ आणि अफवा यांची सांगड फोनपेक्षा फार जुनी आहे. 1896 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत प्लेग पसरत असताना इस्पितळात नेलेल्या माणसांना तिथे मारले जाते या समजुतीने गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला होता. सव्वाशे वर्षांनी ‘कोविड सेंटरला नेले की माणूस परत येत नाही’, ‘किडनी काढून घेतात’ हे बोलणे गावोगाव ऐकू आले, तेव्हा त्यामागची भीती तीच होती. प्रेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, नातलगांना चेहराही नीट न दाखवलेला, अंत्यविधी परक्या हातांनी झालेला, हे वास्तव त्या भीतीला खतपाणी घालत होते. नवीन होता तो वेग, आणि संदेशाबरोबर येणारे चित्र. ऐकीव गोष्टीवर शंका घेता येते. डोळ्यांसमोर हलणाऱ्या चित्रफितीवर ती घेणे फार कमी लोकांना जमते, मग ती चित्रफीत दुसऱ्या देशातली आणि दुसऱ्याच वर्षातली का असेना.

अफवांवर भरपूर लिहिले गेले आहे. त्या मानाने ज्या संदेशांनी आशांचे काम सर्वाधिक कठीण केले, ते मात्र नजरेआड राहिले, कारण ते खोटे नव्हते. मार्च-एप्रिल 2020 मध्ये परदेशातून किंवा शहरातून आलेल्यांच्या आणि बाधितांच्या याद्या, नाव, गाव आणि पत्त्यासह, अनेक ठिकाणी व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरल्या. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर मागच्या बाजूला गृह विलगीकरणाचा शिक्का मारण्याची पद्धत महाराष्ट्राने मार्चच्या मध्यापासून सुरू केली होती. त्या शिक्क्याचे फोटो, रुग्णवाहिकेत चढणाऱ्या माणसाचे चित्रण आणि घराला लावलेल्या पत्र्यांचे किंवा बांबूंचे फोटो गावाच्या गटावर काही मिनिटांत पोहोचत. यादीतले नाव खरे असे, फोटोही खरा असे. पण त्यानंतर त्या घराचे दूध बंद होई, किराणा दुकानदार सामान रस्त्यावर ठेवून लांब उभा राही, विहिरीवर बायका बादली मागे घेत आणि बरा होऊन परतलेल्या माणसाला शेजारी महिनोन्महिने टाळत.

याचा आरोग्यवर्तनावर झालेला परिणाम समजून घेण्यासाठी एका जुन्या सिद्धांताचा उपयोग होतो. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञांना असा प्रश्न पडला की, क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे मोफत काढून मिळत असतानाही लोक का येत नाहीत. त्यातून ‘आरोग्यविषयक धारणांचे प्रारूप’ तयार झाले. आजार आपल्याला होईल असे माणसाला किती वाटते, तो किती गंभीर वाटतो, सुचवलेल्या कृतीचा फायदा किती दिसतो आणि ती कृती करताना कोणते अडथळे जाणवतात, या चार गोष्टींच्या तोलामोलातून निर्णय होतो, असे हे प्रारूप सांगते. याद्या फिरू लागल्यावर यातील चौथा घटक बाकीच्या तिघांना पुरून उरला. तपासणीचा अडथळा आता नाकात जाणाऱ्या काडीचा नव्हता; गावाच्या गटावर नाव येण्याचा होता. आशा अंगणात आली की तापाची गोळी आधीच घेऊन बसणे, खोकणाऱ्या आजीला मागच्या खोलीत झोपवणे, मुंबईहून आलेला मुलगा ‘शेतावर गेलाय’ असे सांगणे, हे वर्तन अज्ञानातून आलेले नव्हते. घरातल्या माणसांना आजार ठाऊक होता, त्याची भीतीही होती. पण बहिष्काराची भीती त्याहून मोठी आणि जवळची होती. खोट्या संदेशाला खुलासा देता येतो, खऱ्या नावाला कोणता खुलासा देणार? ज्या गावांत सरपंच, ग्रामसेवक किंवा गटाच्या ॲडमिनने रुग्णांची नावे टाकण्यास सक्त बंदी केली आणि ती पाळली, तिथे लक्षणे लपवण्याचे मोठे कारणच नाहीसे होत होते. साथीत गोपनीयता हे रोगनियंत्रणाचे साधन असते ही गोष्ट सर्वांत आधी गावपातळीवर कळायला हवी होती.

15 सप्टेंबर 2020 पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हा आशा आणि स्वयंसेवकांची पथके घरोघरी जाऊन ताप आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजू लागली. या भेटीचे स्वरूप जवळून पाहण्यासारखे आहे. हातात टेम्परेचर गन, पिशवीत ऑक्सिमीटर, सॅनिटायझरची बाटली आणि रजिस्टर घेऊन आशा उंबऱ्याबाहेर उभी राहते. बोट पुढे करणाऱ्या बाईच्या नखाला रंग असेल किंवा हात शेतातून आल्यामुळे थंडगार असेल तर यंत्र चुकीचा आकडा दाखवते, म्हणून ती हात चोळायला सांगते, दुसरे बोट घेते, आकडा स्थिर होईपर्यंत थांबते. या अर्ध्या-एक मिनिटाच्या थांबण्यातच खरे संभाषण होते. आतून कोणीतरी फोन घेऊन येतो, ‘ताई, हे बघा काय आलंय,’ असे म्हणत पडदा तिच्यासमोर धरतो आणि तिने त्याच क्षणी, मास्कच्या आडून, दोन हात अंतरावरून त्यावर मत द्यायचे असते. पुढे अजून कित्येक घरे बाकी असतात. तिने ‘हे खोटं आहे’ एवढे म्हटले तर ती सरकारची बाजू घेते असे ठरते. गप्प राहिली तर संदेश खरा ठरतो.

या काळातील सर्वाधिक चिवट अफवा पैशाची होती: एक रुग्ण पॉझिटिव्ह दाखवला की सरकारी यंत्रणेला दीड लाख रुपये मिळतात, आणि त्यात आशाचाही वाटा असतो. हा आकडा हवेतून आला नसावा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण होते आणि साथीच्या काळात ती योजना राज्यातील सर्व नागरिकांसाठी खुली करण्यात आली होती. लोकांच्या उपयोगाच्या एका खऱ्या तरतुदीचा आकडा उचलून त्याला उलटा अर्थ जोडला गेला असण्याची शक्यता मोठी आहे. परिणाम मात्र थेट झाला: स्वॅब देणे म्हणजे कोणाचा तरी धंदा चालवणे, असे समीकरण तयार झाले. ज्या बाईवर हा आरोप होत होता तिला कोविडच्या कामासाठी केंद्राकडून महिन्याला 1,000 रुपये प्रोत्साहन भत्ता मंजूर होता. अनेक आशांनी या अफवेला खुलाशाच्या छापील कागदाने उत्तर दिले नाही. स्वतःचा मोबदला किती, फाटकी चप्पल कधीची, घरातल्या सासूलाही कोविड सेंटरला कसे न्यावे लागले, हे त्यांनी ओळखीच्या बायकांना सांगितले. आणि जिथे आधीचे नाते घट्ट होते तिथे ते पुरले.

इथे फोन कोणाच्या हातात होता हा प्रश्न कळीचा ठरतो. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया 54 टक्के होत्या, आणि इंटरनेट कधीतरी वापरल्याचे सांगणारे पुरुष 57 टक्के, तर स्त्रिया 33 टक्के होत्या. म्हणजे ग्रामीण घरातील बहुतेक बायकांपर्यंत संदेश थेट पोहोचत नव्हता. तो मुलाने, नवऱ्याने किंवा दिराने वाचून दाखवल्यावर, त्याच्या आवाजातल्या खात्रीसह पोहोचत होता. समाजमाध्यम वापरण्याचे प्रमाण मोजून त्याचा प्रभाव मोजणाऱ्या पाहण्यांत ही बाई ‘न वापरणारी’ म्हणून गणली जाते, प्रत्यक्षात मात्र घरात कोणाला काढा द्यायचा, कोणाला दवाखान्यात न्यायचे हे ती त्याच संदेशाच्या आधारे ठरवत असते. घरातल्या कर्त्या पुरुषाने वाचलेला संदेश खोडणे हे त्या बाईसाठी माहितीचे नव्हे, अधिकाराचे प्रकरण होते. आशांनी यावर काढलेला मार्ग त्यांच्या कामाच्या जाणतेपणाचा नमुना आहे: संदेश खोटा आहे असे न म्हणता ‘काढा घ्या, पण बेताने घ्या, आणि ऑक्सिमीटरवरचा आकडा 94 च्या खाली गेला तर त्याच रात्री मला फोन करा,’ अशी त्याला जोड देणे. यात कोणाचाही शब्द खाली पडत नसे आणि जीव वाचवणारी सूचना घरात शिरत असे.

एप्रिल 2021 च्या दुसऱ्या लाटेत संदेशांचे स्वरूप बदलले. पहिल्या लाटेतील मजकूर आजार आहे की नाही याभोवती होता, दुसऱ्या लाटेत अनेकांच्या घरात किंवा भावकीत कोणीतरी दगावलेले होते आणि आता फिरत होत्या त्या औषधांच्या चिठ्ठ्या. शहरातल्या कोण्या डॉक्टरने एका रुग्णासाठी लिहिलेली चिठ्ठी फोटो होऊन शेकडो गटांवर जाई आणि तिच्या आधारे मेडिकलमधून गोळ्या आणल्या जात. त्या चिठ्ठ्यांत स्टेरॉइड असले की धोका वाढे. डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने प्राणवायूवर असलेल्या गंभीर रुग्णांचे मृत्यू कमी होतात, हे ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने जून 2020 मध्ये दाखवले होते, पण ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना त्याचा फायदा दिसला नव्हता. ‘स्टेरॉइडने कोरोना बरा होतो’ या संदेशात हा दुसरा अर्धा भाग गळालेला असे. मधुमेह असलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी ते सुरू केले की साखर चढे, आणि पुढे म्युकरमायकोसिसला, म्हणजे नाक, डोळा आणि जबड्यात पसरणाऱ्या बुरशीच्या संसर्गाला, वाट मोकळी होई.

त्याच आठवड्यांत ‘स्कोअर किती?’ हा प्रश्न गावागावांत विचारला जात होता. छातीच्या सीटी स्कॅनवरून फुप्फुसाचा किती भाग बाधित आहे हे 25 पैकी गुणांत सांगितले जाते. हा आकडा डॉक्टरसाठी अनेक निकषांपैकी एक असतो, परंतु गटांवर तो परीक्षेच्या गुणांसारखा फिरू लागला आणि सौम्य लक्षणांची माणसेही उसने पैसे घेऊन तालुक्याच्या गावी स्कॅनच्या रांगेत उभी राहिली. प्लाझ्माची गोष्ट याहून दुःखद आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर केलेल्या प्लॅसिड चाचणीत बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तद्रवाचा मृत्यू टाळण्यासाठी उपयोग दिसला नाही, हे ऑक्टोबर 2020 मध्येच प्रसिद्ध झाले होते. तरी मे 2021 मध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला जाईपर्यंत रात्री-अपरात्री ‘अमुक रक्तगटाचा प्लाझ्मा तातडीने हवा’ असे संदेश धावत राहिले. त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. मदत मागणाऱ्याला आणि पुढे पाठवणाऱ्याला काहीतरी केल्याचे समाधान हवे होते, आणि संशोधनाचा निष्कर्ष त्या गटांपर्यंत कोणी पोहोचवलाच नव्हता. चांगल्या हेतूने पाठवलेला संदेश किती टोकाला जाऊ शकतो याचे उदाहरण इराणमध्ये घडले होते. मद्याने विषाणू मरतो या समजुतीतून 2020 च्या सुरुवातीच्या महिन्यांत तिथे लोकांनी मेथॅनॉल, म्हणजे औद्योगिक वापराचे विषारी अल्कोहोल, प्यायले आणि अफवांच्या परिणामांवरील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने त्यातील मृत्यूंची संख्या सुमारे 800 नोंदवली.

या सगळ्यावरून समाजमाध्यम हे मुळातच घातक, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल, कारण त्याच वाटेने जीव वाचवणाऱ्या गोष्टीही आल्या. सहा मिनिटे चालून ऑक्सिमीटरवरचा आकडा पुन्हा मोजायचा, तो घसरला तर दवाखाना गाठायचा. खाट मिळेपर्यंत पालथे झोपून, छातीखाली आणि ओटीपोटाखाली उशा घेऊन श्वास सुधारायचा. या दोन कृती छोट्या चित्रफितींतून इतक्या घरांत पोहोचल्या की छापील पत्रकांनी ते कधीच साधले नसते. पश्चिम बंगालमध्ये मे 2020 मध्ये अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी यांच्या सुमारे अडीच मिनिटांच्या बंगाली चित्रफितींची लिंक 2.5 कोटी लोकांना पाठवण्यात आली, त्या प्रयोगाचे निष्कर्ष या संदर्भात फार मोलाचे आहेत. ज्या भागांत ही चित्रफीत गेली तिथे लोकांनी आपली लक्षणे गावातील आरोग्य कार्यकर्तीला सांगण्याचे प्रमाण दुप्पट झाले, गावाबाहेर जाणे कमी झाले, आणि ज्यांना संदेश मिळालाच नव्हता त्या शेजाऱ्यांच्या वागण्यातही तसाच बदल दिसला. बोलणारा माणूस त्याच मातीतला, नोबेल मिळालेला, आपल्या भाषेत बोलणारा होता. आणि संदेश मिळाल्यावर ज्या दारी जायचे ती आशा गावात आधीपासून हजर होती. या दोन्ही अटी पुऱ्या झाल्यावर फोन उपयोगी पडला.

लसीकरण 16 जानेवारी 2021 रोजी सुरू झाले आणि पहिल्या फळीत आशांनाच दंड पुढे करावा लागला. ‘लस-संकोच’ म्हणजे लस उपलब्ध असूनही ती घेण्यात दिरंगाई करणे किंवा नकार देणे. जागतिक आरोग्य संघटनेने महासाथीपूर्वीच, 2019 मध्ये, जगाच्या आरोग्यासमोरील दहा धोक्यांत त्याचा समावेश केला होता. ब्रिटन आणि अमेरिकेत प्रत्येकी सुमारे 4 हजार लोकांवर केलेल्या एका प्रयोगात खोटे संदेश दाखवल्यावर ‘लस नक्की घेईन’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे 6.2 आणि 6.4 टक्के अंकांनी घटले. गावपातळीवर हा संकोच अशा आकड्यांत दिसत नाही; तो पथक येणार असे कळताच पुरुषमंडळी पहाटेच शेतावर जाण्यात, दाराला कुलूप दिसण्यात, ‘पुढच्या वेळी बघू’ या शब्दांत दिसतो. लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरतील हे वाक्य एका नोबेलविजेत्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावर मे 2021 मध्ये खपवण्यात आले आणि सरकारने ते खोटे असल्याचे जाहीर करेपर्यंत ते वस्त्यावस्त्यांत पोहोचले होते. मासिक पाळीच्या आधी आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नये, हा संदेश त्याहून हळू आणि खोलवर गेला, कारण त्यावर चारचौघांत बोलताच येत नव्हते. केंद्रावरच्या पुरुष कर्मचाऱ्याला ज्या बाईने हे कधी विचारले नसते, तिने आशाला चुलीपाशी बसून विचारले, आणि आशाने स्वतःला पाळी सुरू असतानाच लस घेतल्याचे किंवा घेतलेल्या दुसऱ्या बाईचे उदाहरण सांगितले. हे उत्तर कोणत्याही खुलाशाच्या चित्रफितीत मावले नसते.

लसीनंतर येणाऱ्या तापाबाबत आशांनी जे केले त्याला मानसशास्त्रात आधार आहे. विल्यम मॅग्वायर यांनी 1960 च्या दशकात मांडलेला सिद्धांत असा की, दिशाभूल होण्याआधीच तिचा सौम्य नमुना आणि त्याचे उत्तर माणसाला दिले, तर पुढे खरी दिशाभूल समोर आल्यावर त्याचे मन तिला प्रतिकार करते. ज्या घरांना आधी सांगितले होते की रात्री अंग दुखेल, ताप येईल, शेतातले काम एक दिवस जमणार नाही, आणि कोणीतरी ‘बघा, लसीने आजारी पडला’ असे म्हणेल, त्या घरांत दुसऱ्या दिवशीचा ताप अपेक्षित ठरला. जिथे हे सांगायचे राहून गेले, तिथे पहिल्याच ताप आलेल्या माणसाचा व्हिडिओ गटावर गेला आणि उरलेली वस्ती केंद्राकडे फिरकली नाही. मेळघाटातील कोरकू किंवा नंदुरबारमधील भिली आणि पावरी बोलणाऱ्या वस्त्यांत तर प्रमाण मराठीतला सरकारी संदेश आणि अफवा यांच्यात अफवाच अधिक ओळखीच्या भाषेत येत होती. तिथे त्या बोलीत बोलणारी आशा नसती, तर लसीकरणाचे काम ठप्प झाले असते असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

मे 2021 मध्ये 18 वर्षांवरील सर्वांसाठी लस खुली झाली तेव्हा समाजमाध्यमाची दुसरी विषमता उघड झाली. कोविन संकेतस्थळावर वेळ मिळेल तेव्हा सूचना देणारे गट शहरी तरुणांकडे होते. ते गाडी करून खेड्यांतल्या केंद्रांवर येऊन लस घेऊन जात आणि महिनाभर समजूत काढून तयार केलेली गावातली माणसे रांगेतून रिकाम्या हाताने परत जात. एकदा परत गेलेला माणूस पुन्हा तयार करणे हे आशाला सर्वांत जड गेले. या प्रसंगात कोणाची अफवा नव्हती, कोणाचे अज्ञान नव्हते. व्यवस्थेने घडवलेला संकोच होता.

संदेशांच्या फैलावावर व्हॉट्सॲप कंपनीने काही बंधने जरूर घातली होती. धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी मुले पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांची हत्या झाली, त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच चॅटपुरतीच संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. एप्रिल 2020 मध्ये वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच व्यक्तीला किंवा गटाला पाठवता येईल असे केले आणि असे संदेश 70 टक्क्यांनी घटल्याचे सांगितले. तरीही त्याच एप्रिलच्या 16 तारखेला पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवेतून तिघांना जमावाने ठार मारले. गावपातळीवर संदेशाला फोनची गरज एकदाच असते. चित्रफीत उतरवून नव्याने पाठवली की तिच्यावरची वारंवार पुढे गेल्याची खूण पुसली जाते, स्टेटसला लावली की मर्यादा लागू होत नाही, आणि पारावर एकदा वाचून दाखवली की त्यानंतर कोणतेही तांत्रिक बंधन तिला अडवू शकत नाही.

आशा स्वतःही त्याच गटांत होत्या, याचा विचार फार कमी झाला आहे. त्यांच्या फोनवर सकाळी गटप्रवर्तकाचा आदेश, मग सर्वेक्षणाचा तक्ता भरून पाठवण्याची आठवण, दुपारी पुरावा म्हणून मागितलेला भेटीचा फोटो, संध्याकाळी भावाने पाठवलेला लसीविरोधी व्हिडिओ आणि रात्री मुलाच्या शाळेचा ऑनलाइन वर्ग, हे सगळे एकाच छोट्या पडद्यावर येत होते. रिचार्जचे पैसे बहुतेकदा घरखर्चातून जात. भीतीचे संदेश त्यांनीही वाचले होते. घरी लहान मूल आणि म्हातारे सासू-सासरे असताना, पुरेसे मास्क नसताना त्या रोज बाहेर पडल्या, ते संदेशांवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. जून 2021 मध्ये महाराष्ट्रातील आशांनी संप केला तेव्हा मागण्या मानधनाच्या होत्या, परंतु त्यामागे वर्षभर अंगावर घेतलेल्या शिव्या, संशय आणि काही ठिकाणी धक्काबुक्कीचाही हिशेब होता. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वासाठीचा पुरस्कार दिला, तो त्यांना न्याय्यच होता.

कोविडची लाट ओसरल्यावर गट बंद झाले नाहीत. 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडी परिसरात आणि पुढे मालेगाव, भिवंडीत गोवराची साथ आली तेव्हा साथीच्या काळात राहून गेलेल्या मुलांच्या लसी पुऱ्या करण्यासाठी आरोग्यसेविका आणि आशा पुन्हा घरोघरी फिरल्या, आणि कोविडच्या लसीबद्दलचा अविश्वास गोवराच्या लसीवर सरकलेला त्यांना आढळला. राज्याने डिसेंबरमध्ये विशेष लसीकरण मोहीम काढली, माहितीच्या चित्रफिती पुन्हा तयार झाल्या. आशाच्या मोबदल्याच्या तक्त्यात मात्र बाळंतपणाला सोबत जाणे, लसीकरणासाठी मूल आणणे, क्षयरुग्णाचे औषध पुरे करणे अशा मोजता येणाऱ्या कामांच्याच ओळी आहेत. नकार देणाऱ्या घरी तीनदा-चारदा जाऊन, चुलीपाशी बसून, फोनवरचा व्हिडिओ त्या घरातल्या माणसांबरोबर शेवटपर्यंत पाहून त्यावर बोलण्यात गेलेला वेळ रजिस्टरच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. पुढच्या साथीची तयारी करताना रुग्णालयांतील खाटा आणि प्राणवायूचे प्रकल्प यांच्याबरोबर या रकान्याचीही तरतूद व्हायला हवी, आणि ती आशांच्याच सल्ल्याने व्हायला हवी.